बूड टेकायला जागा

रूथ सिस्टर महिन्यातून एकदा तरी मला निरोप धाडतात. दवाखान्यात छातीचा नवा पेशंट आला आणि गोळ्यांना नाक मुरडायला लागला, की त्याच्या खाटेपुढं नेऊन मला उभं करायचं. "हे आमचे पाटकरी. दोनदा टीबी झाला, दोनदा उठले. विचारा काय विचारायचं ते." मग तो बिचारा माझ्याकडं बघतो आणि मी त्याच्याकडं. मला उभं राहून बोलायची सवय नाही, आणि बसून बोलायची तर त्याहून नाही. शेवटी सिस्टरना म्हणालो, एकदा लिहूनच देतो. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्याला तुम्ही वाचून दाखवा. सातवी पास आहे, अक्षर बरं आहे.

बहुतेक पेशंट एकच गोष्ट विचारतात, आणि ती औषधाची नसते. "हवापालटाला कुठं गेलता?" असं विचारतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, की ह्या आजारात निम्मं काम औषध करतं आणि निम्मं शांत जागा करते. मलाही सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सासूनं सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानंसुद्धा सांगितलं. त्या शांततेपायी मी किती वणवण केली आणि मधल्यामध्ये काय करून बसलो, ते सांगतो. ऐकून माझा राग आला तर येऊ द्या.

*

पाटकरी म्हणजे कालव्यावरचा सरकारी नोकर. चारीची, म्हणजे कालव्याच्या फाट्याची, दारं उघडायची, बंद करायची, आणि कुणाच्या शेताला किती तास पाणी जाणार ते बघायचं. माझ्याकडं श्रीरामपूरच्या अलीकडच्या दोन चाऱ्या होत्या. रोज दहा-बारा मैल पायपीट. आमच्यात नियम असा, की पाणी चारीच्या शेवटच्या शेतापासून द्यायचं आणि मग वर वर यायचं. वरच्याला आधी दिलं तर शेवटच्यापर्यंत थेंब जात नाही. ह्या नियमापायी मी वरच्या बागाइतदारांच्या शिव्या खाल्ल्या, दोनदा माणसं अंगावर आली, पण शेवटचा माणूस कोरडा ठेवला नाही. पाणी कमी असलं तर कमी कमी देईन, पण सगळ्यांना देईन. ह्याचा मला ताठा होता. ताठाच म्हणतो, कारण पुढं त्यानंच घात केला.

बहात्तरच्या उन्हाळ्यात एक दार उचलताना खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून रक्त आलं. अर्धं उचललेलं दार तसंच धरून मी त्या रक्ताकडं बघत राहिलो. मनात पहिलं काय आलं असेल? दार सुटलं तर खालच्याची पाळी चुकेल, हे आलं. दार नीट अडकवलं, तोंड पुसलं आणि मग कडेला बसलो.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई नगरच्या, वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला सरळ. "टीबी आहे. बरा होतो. दोन महिने रोज इंजेक्शन आणि दीड वर्ष गोळ्या. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. कामावर जायचं नाही. पडून राहायचं आणि मन शांत ठेवायचं."

मी म्हणालो, "बाई, पाण्याची पाळी संपायला अजून नऊ दिवस आहेत. तेवढं उरकलं की पडू का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला मी काय सांगितलं ते कळलं का?"

कळलं होतं. आमच्या एका चुलत्याला हाच आजार झालेला. त्याची खाट गोठ्यात टाकली होती आणि तो गोठ्यातच गेला. मला त्याचा चेहरा आठवेना, त्याचं खाटेवरचं घोंगडं तेवढं आठवलं. फाटकापाशी माझी बायको सुभद्रा थांबली होती. "काय म्हनल्या बाई?" मी म्हणालो, "छातीत सर्दी हाय." तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला, शेजारून चाललेल्या एका नर्सला थांबवलं आणि तिच्याकडून वाचून घेतला. त्या नर्स म्हणजे रूथ सिस्टर. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि सुभद्रेला म्हणाल्या, "सर्दी नाही ही. आणि हा माणूस खोटं बोलतो, हे आत्ताच ध्यानात ठेवा." पहिल्याच दिवशी ओळखलं बाईनं मला.

*

दोन्ही पोरींना सुभद्रेनं पुणतांब्याला तिच्या आईकडं ठेवलं. माझं ताट, तांब्या, वाटी वेगळी केली. सिस्टरनीच तसं सांगितलं होतं, पण मला ते फार लागलं. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनंही मनावर घेतलं नाही. वेळच्या वेळी जेवण आणून ठेवायची आणि चार हात लांब बसून मी जेवतो का ते बघायची.

इंजेक्शनांनी कुल्ले सुजले, कानात गुणगुण व्हायची. ते सोसलं. पडून राहणं सोसेना. आमची राहायची चौकी कालव्याला लागून. खाटेवर पडलं की पाण्याचा आवाज येतो, आणि मला त्या आवाजावरून कळतं कोणतं दार किती उघडलंय ते. माझ्या जागी नवीन माणूस आला होता. तो दारं चुकीची सोडायचा. मी खाटेवरून ओरडायचो, सुभद्रा म्हणायची, "वरडू नका, रगत येईल." दिवसातून वीसदा उठायचो, दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. खाटेच्या दोऱ्या सैल झाल्या म्हणून एका दुपारी ती सगळी उसवून पुन्हा विणायला घेतली. सुभद्रेनं डोक्याला हात लावला.

डॉक्टरीणबाईंना माझी नाडी बघून कळायचं. "मन लागतंय का कुठं?" मी नाही म्हणायचो. मग जो तो जागा सुचवायचा.

सासू म्हणाली, पुणतांब्याला या, गोदावरीचा घाट आहे, देवळं आहेत, तिथं माणसाचं मन कसं निवतं. गेलो. घाटावर बसलो. पाणी संथ, वारा गार, पलीकडं कुणीतरी टाळ वाजवत होतं. पाच मिनिटांत मी पायऱ्या मोजून काढल्या. दहा मिनिटांत पाण्याला किती ओढ आहे ते काडी टाकून बघितलं. पंधराव्या मिनिटाला उठलो. सासू म्हणाली, "जावईबापू, बसा की जरा." मी म्हणालो, "बसून काय करू?" पोरी लांबून हात हलवत होत्या आणि मला त्यांना जवळ घेता येत नव्हतं. अशा जागी कसलं मन निवतंय?

रूथ सिस्टरनी त्यांच्या चर्चमागच्या चिंचेखाली बसायला सांगितलं. तिथं गार वाटलं खरं, पण चिंचेच्या बुंध्याभोवती पाण्याला आळं केलेलं नव्हतं. मी कुठून तरी खोरं मागून आणलं. सिस्टर धावत आल्या आणि ते खोरं हिसकावून घेतलं. मन ही माझ्या अंगातली एक वस्तू आहे आणि ती सगळ्यांना दुरुस्त करायची आहे, असं मला व्हायला लागलं. मला नुसता राग राग यायचा.

*

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दसऱ्यापर्यंत कालवा कोरडा पडला. पिण्यापुरतं पाणी सुटायचं तेवढंच, शेताच्या पाळ्या बंद. मी मात्र बरा होतो. खोकला थांबला, अंग भरलं, भूक लागायची. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थोडं हिंडायला हरकत नाही. म्हणून मी एसटीनं कर्जतकडं आक्काकडं गेलो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. त्यांच्याकडं कोरडवाहू शेती, त्यात त्या साली तर काडीही उगवली नव्हती. दाजी आणि आक्का दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी थेट कामावरच गेलो. दाजी खडीच्या ढिगाआड बसले होते, मांडीवर हातोडा. मला बघून हसले आणि हसता हसता खोकायला लागले. तो खोकला मला ओळखीचा होता. मी त्यांच्या तोंडाला लावलेलं फडकं ओढून बघितलं. त्यावर रक्त होतं.

"दाजी, हे कवापासनं?"

"धूळ लई हाय रे इथं."

"धुळीनं रगत येत न्हाई. माझ्यासंगं चला दवाखान्यात."

दाजी एरवी फार कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी माझा हात धरून बोलले. "रंगा, पोरीचं जमलंय. माघात लगीन हाय. बाप टीबीचा म्हनल्यावर कोन घेतंय पोरगी? आन् तुज्या आक्काला सांगशील तर ती गावभर रडंल, चार घरात कळंल. पोरीचं उरकूं दे. मग तू म्हनशील तिथं येतो. आक्काच्या गळ्याची आन हाय तुला."

लगीन चार-साडेचार महिन्यांवर होतं. तोवर ह्या माणसाचं काय होणार ते मला दिसत होतं. माझ्या पिशवीत महिन्याच्या गोळ्यांची पुडी होती, दवाखान्यातून नुकतीच आणलेली. मी तिथं खडीच्या ढिगावर बसलो, मांडीवर धोतराचा सोगा पसरला आणि गोळ्या दोन जागी केल्या. एक त्यांना, एक मला. शेवटच्याला आधी द्यायचं म्हणून त्यांचा वाटा आधी काढला.

ह्यात मला काही वावगं वाटलंच नाही, हे नीट समजून घ्या. उसाला दहा तासांचं पाणी लागतं. कालव्यात पाणी कमी असलं तर दोघांना पाच-पाच तास द्यायचं. दोघांचा ऊस वाढत नाही, पण मरतही नाही, पुढच्या पाळीपर्यंत तगतो. हे मी पंधरा वर्षं डोळ्यांनी बघत होतो. त्यात मी तर जवळजवळ बराच झालो होतो. निम्म्यावर मी तगेन, निम्म्यावर दाजी तगतील, माघ उरकला की ते दवाखान्यात येतील. दाजींनी पुडी कनवटीला लावली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. परत येताना एसटीत मला वाटलं, आजारी पडल्यापासून आज पहिल्यांदा काहीतरी कामाचं केलं.

दर महिन्याला असंच. दवाखान्यातून गोळ्या घ्यायच्या, कार्डावर सही घ्यायची, सुभद्रेला सांगायचं की आक्काला बघून येतो, आणि निम्म्या गोळ्या दाजींना नेऊन द्यायच्या. आक्का मला लाल मिलोची भाकरी खाऊ घालायची. ती बाहेरून आलेली रेशनची ज्वारी, घशाखाली उतरायची नाही. "तुजी तब्येत सुधारली बग," म्हणायची. "ह्यांचंबी तुज्यावानी व्हायला पायजे. धुळीनं पार वाळलेत." मी मान खाली घालून भाकरी कुस्करायचो. तिच्यासमोर मला एक घडी बसवत नव्हतं. मी म्हणायचो, एसटीची वेळ झाली. वेळ झालेली नसायची.

लगीन झालं. हळदीच्या दिवशी दाजी मांडवामागं जाऊन खोकत होते, आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर मीही.

*

महाशिवरात्रीच्या आसपास मला पुन्हा रक्त पडलं. पुन्हा फोटो. डॉक्टरीणबाई जुना फोटो आणि नवा फोटो उजेडापुढं धरून बराच वेळ उभ्या होत्या. "हे असं व्हायला नको होतं," एवढंच म्हणाल्या.

रूथ सिस्टरनी माझं कार्ड काढलं. "तारखा तर सगळ्या बरोबर आहेत. गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"सगळ्या?"

त्यांनी कार्ड खाली ठेवलं, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. "पाटकरी, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय म्हणाले होते?"

मग सांगितलं सगळं. सुभद्रा दारात उभी होती, तिनंही ऐकलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार हळू बोलल्या. "अर्ध्या औषधानं जंतू मरत नाही. सरावतो. आता ह्या गोळ्या तुम्हाला लागू पडायच्या नाहीत, दुसऱ्या द्याव्या लागतील, त्या पोटाला त्रास देतात. तुमचं एक वेळ निभेल, तुमची सुरुवात चांगली झाली होती. पण त्यांना पहिल्या दिवसापासून अर्धंच मिळालं. कुठं आहेत ते?"

मला तिथंच दाखल करून घेतलं. मी निघालो तर सुभद्रेनं मला खाटेवर ढकललं. "बसा हितं. मी आनते त्यांना." जाताना वळून म्हणाली, "मी ताट येगळं केलं तर आठ दिस बोलला न्हाईत माझ्याशी. आन् तुमी हे केलंत. मला तरी सांगायचं." एसटीनं एकटी कधी नगरच्या पुढं न गेलेली बाई कर्जतला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींना आणि आक्काला घेऊन आली. दाजींना दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

आक्काला वाटेत सुभद्रेनं सांगितलं होतं. आक्का माझ्या खाटेपाशी आली. मला वाटलं मारेल. मारायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "पाच म्हैने माज्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्लीस. मला सांगितलं असतंस तर खांद्यावर टाकून आनलं असतं त्यांना. लगीन मोडलं असतं तर मोडलं असतं." एवढं बोलून ती दाजींच्या खाटेकडं गेली. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

*

वॉर्डात सोळा खाटा. पहाटे झाडलोट, मग थुंकीचे डबे बदलायचे, मग इंजेक्शनं, मग चहा. मला नवीन गोळ्या होत्या, त्यांनी पोटात सारखं ढवळायचं. माझी खाट दारापाशी, दाजींची माझ्यापासून चौथी. आक्का दोन्ही वेळा त्यांना भरवायला यायची. माझ्या खाटेवरून जाताना तिचा पदर माझ्या उशाला लागायचा, पण मान वळायची नाही. सुभद्रा दिवसाआड डबा आणायची आणि मी नवीन गोळ्या गिळेपर्यंत खाटेशेजारी उभी राहायची. आता तिला माझा भरवसा नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

आक्का भरवायला आली की मला ते बघवायचं नाही. मग मी उठून वॉर्डाच्या मागच्या दारानं बाहेर जायचो. तिथं तीन पायऱ्या. खाली अंगण, आणि अंगणात पेशंटच्या नातेवाइकांच्या चुली, ओळीनं मांडलेल्या तीन-तीन दगडांच्या. बाया स्वयंपाक करतायत, सरपणावरून भांडतायत, कुणी पोराला धोपटतंय. एका दोरीवर दवाखान्याच्या चादरी वाळतायत. भिंतीला एक गळका नळ. मी मधल्या पायरीवर बसायचो, आक्काचं भरवून होईपर्यंत. ती आत असताना मी बाहेर, ती चुलीशी आली की मी आत. असा आमचा लपंडाव.

एका दुपारी मी असाच बसलो होतो. ऊन पायरीवरून उतरून खाली गेलं. समोर एक मुसलमान बाई आणि एक मांगिणीची पोर एकाच खरकट्या पातेल्यावरून वाद घालत होत्या. नळ टपटप गळत होता. किती वेळ गेला मला कळलं नाही. रूथ सिस्टर थर्मामीटर घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "चार वाजले. जेवण झाल्यापासून इथंच?" मी चकित झालो. साडेतीन तास मी हललो नव्हतो. तो नळ गळतोय हे दिसत असून मला उठून त्याची चावी आवळावीशी वाटली नव्हती. छातीत जे सारखं धावत होतं ते थांबलं होतं. आजवर ज्याला सगळे शांत वाटणं म्हणत होते ते हेच असणार, हे मला तिथं कळलं. त्या अंगणात शांतता म्हणून नव्हती. कुणी मला काही विचारत नव्हतं, मीही कुणाला काही देणार नव्हतो. मी तिथला एक आजारी माणूस होतो, बाकीच्यांसारखा. इतकंच.

आणि लगेच मला स्वतःची शरम वाटली. आत दाजी हाडांचा सापळा होऊन पडलेत, माझ्यामुळं पडलेत, आणि मला इथं पायरीवर बरं वाटतंय? घाटावर वाटलं नाही ते इथं? मी दोन दिवस तिकडं फिरकलो नाही. खाटेवर कूस बदलत राहिलो. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडं गेले. बसलो की बरं वाटायचं, बरं वाटलं की उठावंसं वाटायचं. असे पंधरा दिवस काढले.

एकदा दाजी स्वतः आले. भिंत धरत, थांबत थांबत. माझ्या शेजारी बसले. धाप कमी झाल्यावर म्हणाले, "चांगली जागा धरलीस."

मी म्हणालो, "दाजी, माझं चुकलं."

"मीच आन घातली हुती. तू नसत्या दिल्या तर मी घेतल्याच नसत्या." पुन्हा धाप. "पोर नांदतीय. कालच निरोप आलाय. सासरची मानसं चांगली हायेत." त्यांना तेवढंच पुरेसं वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला मात्र नाही. त्यांनी माफ केलं म्हणून माझ्यातलं काही कमी झालं नाही.

पाडवा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी, सकाळच्या चहाच्या वेळेला, दाजी गेले. आक्का कपात चहा ओतत होती. तिनं कप खाली ठेवला आणि त्यांचे डोळे मिटवले. मी उठून उभा राहिलो, पण जवळ जायचं धाडस झालं नाही. मातीला मला सोडलं नाही, माझ्या थुंकीत अजून जंतू होते.

*

आता हे फक्त रूथ सिस्टरना माहीत आहे, आणि आक्काला. दाजी गेल्यावर मी गोळ्या बंद केल्या. सिस्टर हातावर ठेवायच्या, मी तोंडात टाकून पाणी प्यायचो आणि मागच्या पायरीवर जाऊन सदऱ्याच्या खिशात काढून ठेवायचो. सुभद्रा यायची त्या दिवशी तिच्यासमोर गिळायचो. बाकीच्या दिवशी नाही. मरायचं ठरवलं होतं असंही नाही. गोळी घशापाशी आली की दाजींच्या कनवटीची पुडी दिसायची आणि गिळवतच नव्हतं. पायरीवर बसायचो, पण आता तिथंही काही लागेना. पुन्हा पायऱ्या मोजायला लागलो. तीनच होत्या, तरी मोजायचो.

तेरावा झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी तिथं बसलो होतो. अंगणाच्या फाटकातून आक्का आली. मोकळं कपाळ. हातात गाठोडं. मला वाटलं राहिलेली भांडी न्यायला आली असेल. मी सवयीनं उठलो, आत जायला.

"बस," ती म्हणाली.

बसलो. तीही बसली, माझ्याच पायरीवर. गाठोडं मांडीवर घेतलं. मग विचारलं, "गोळ्या घेतोस का?"

सगळ्यांशी खोटं बोललो होतो. तिच्याशी पाच महिने बोललो होतो. ह्या वेळी नाही बोललो. खिशात हात घातला आणि त्या दिवशीच्या दोन गोळ्या काढून तिच्यापुढं धरल्या. "न्हाई जात, आक्का. दाजींच्या वाट्याचं मी खातोय असं वाटतं."

तिनं त्या गोळ्या माझ्या तळहातावरून उचलल्या. थुंकीनं ओलसर झालेल्या, खिशातला धागा चिकटलेल्या. पदरानं पुसल्या.

"त्यांच्या वाट्याचं तू कवाच खाल्लं न्हाईस," ती म्हणाली. "तुज्या वाट्याचं त्यांना घातलंस. तेच तर चुकलं तुजं." मग गाठोड्यातून तांब्या काढला, त्या गळक्या नळाशी गेली, भरून आणला. लहानपणी ताप आला की धरायची तसं तिनं माझं तोंड धरलं. "मला आता एकच मानूस ऱ्हायलंय माहेरचं. उघड तोंड. दोन्ही घे. कुनाला वाटू नगस."

मी गिळल्या. तिनं जीभ वर करायला लावून बघितलं, गेल्या का ते. मग तिथंच माझ्या खांद्यावर कपाळ टेकून रडायला लागली, आणि तिच्याबरोबर मी. अंगणातल्या बायांनी एकदा वळून बघितलं आणि पुन्हा आपापल्या चुलीला लागल्या. आम्ही चार वाजेपर्यंत तिथंच बसून होतो.